एचडीएल १२

अण्णा आयसीयूत होते, त्याच्या तिसऱ्या दिवशी दादाने मोबाइलवर आलेला रिपोर्ट माझ्यापुढे धरला. "बघ, बाकी काही असो, कोलेस्टेरॉल मात्र किती छान झालंय!" एकूण कोलेस्टेरॉल ८१, एलडीएल, म्हणजे ‘खराब’ म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल, २२. गेली दहा वर्षं अण्णा ज्या आकड्यांसाठी रोज रात्री न चुकता गोळी घेत होते, त्याच्याही कितीतरी खाली. दोन रात्री जागून काढलेल्या दादाला त्या कागदावर धरून ठेवायला काहीतरी चांगलं हवं होतं. मी मान डोलावली. माझं लक्ष मात्र खालच्या ओळीवर खिळलं होतं. एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल, फक्त १२. तो आकडा बघून माझ्या पोटात गोळा आला होता.

मी डॉक्टर नाही. इंजेक्शनं तयार करणाऱ्या कंपनीत गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये काम करते आणि माझं रोजचं काम म्हणजे एंडोटॉक्सिनची, जंतूंच्या आवरणातल्या विषाची, तपासणी. पण त्याआधी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी पूर्ण एक वर्ष लायपोप्रोटीनच्या, म्हणजे एचडीएल-एलडीएलसारख्या रक्तातून चरबी वाहणाऱ्या, कणांबरोबर काढलं आहे. म्हणून हे लिहिते आहे. अण्णा घरी आल्यावर अनेकांनी हाच प्रश्न विचारला: कोलेस्टेरॉल कमी झालं तर चांगलंच ना? तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं.

अण्णांना सेप्सिस झाला होता, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला अनावर, जिवावर बेतणारा प्रतिसाद. सुरुवात लघवीच्या जंतुसंसर्गाने झाली. अंगात थंडी भरली, संध्याकाळपर्यंत बोलणं असंबद्ध झालं, रात्री रक्तदाब कोसळला. कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला. हा ग्रॅम-निगेटिव्ह जंतू. अशा जंतूंच्या बाहेरच्या आवरणातच एक विष विणलेलं असतं. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर कॉलऱ्याच्या जंतूवर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की जंतू उष्णतेने मारून टाकले तरी त्यांच्या शरीरातलं काहीतरी प्राण्यांना मारतंच. जंतूने बाहेर सोडलेलं हे विष नव्हतं, त्याच्या अंगातच होतं, म्हणून ते एंडोटॉक्सिन. रसायनाच्या भाषेत लायपोपॉलिसॅकराइड, आम्ही सगळे एलपीएस म्हणतो.

हे विष किती चिवट असतं ते मी रोज बघते. पाणी उकळून ते जात नाही. आमच्या लॅबमधली प्रत्येक काचेची नळी २५० अंशांवर निदान अर्धा तास भाजल्याशिवाय आम्ही वापरत नाही. जंतू केव्हाच मेलेला असतो, नळी निर्जंतुक असते, आणि तरीही तिच्या आतल्या भिंतीला चिकटलेलं एलपीएस माणसाला ताप आणायला पुरेसं असतं. माणूस या बाबतीत फार हळवा प्राणी आहे. शरीराच्या प्रत्येक किलोमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या हिशेबातलं एलपीएस रक्तात गेलं तरी थंडी वाजते, ताप चढतो, अंग मोडून येतं. उंदीर त्याच्या हजारो पट मात्रा सहन करतो.

एलपीएसचा विषारी भाग म्हणजे त्याचं शेवटचं टोक, लिपिड ए. साखरेचे दोन रेणू आणि त्यांना लोंबणाऱ्या स्निग्धाम्लांच्या शेपट्या. ई. कोलायमध्ये अशा सहा. पाण्यात या शेपट्यांना थारा नसतो, त्या सतत स्निग्ध जागा शोधत असतात. आपल्या पांढऱ्या पेशींवर टीएलआर४ नावाचा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा रेणू ओळखणारं प्रथिन, असतो आणि त्याच्या जोडीला एमडी-२ नावाचं प्रथिन. त्या प्रथिनात एक खोल खोबण आहे, आतून स्निग्ध. सहापैकी पाच शेपट्या त्या खोबणीत शिरतात, सहावी काठावर बाहेर राहते, आणि तिच्यामुळे शेजारचा दुसरा टीएलआर४ येऊन जोडला जातो. दोन रिसेप्टर जुळले की पेशीच्या आत धोक्याची घंटा वाजते आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-६ अशी दाहाची रसायनं बाहेर पडू लागतात. टीएलआर४ हेच एलपीएस ओळखतं हे १९९८ मध्ये ब्रूस बॉयट्लर यांच्या गटाने दाखवलं आणि २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आता रक्तात दुसरं स्निग्ध काय असतं? लायपोप्रोटीन. चरबी पाण्यात विरघळत नाही, म्हणून शरीर तिला प्रथिनांच्या आणि फॉस्फोलिपिडच्या वेष्टनात गुंडाळून रक्तातून फिरवतं. एचडीएल, एलडीएल, व्हीएलडीएल, जेवणानंतर आतड्यातून येणारे कायलोमायक्रॉन, ही सगळी त्याच कुळातली. एचडीएलचा कण सर्वांत लहान, साधारण ७ ते १२ नॅनोमीटरचा. आपण रिपोर्टमध्ये वाचतो ते या कणांमधलं कोलेस्टेरॉल. कणांवर आणखी काय स्वार झालंय याचा रिपोर्टमध्ये उल्लेख नसतो.

एलपीएसच्या शेपट्या एमडी-२ च्या खोबणीत शिरण्याऐवजी एचडीएलच्या वेष्टनात रुतल्या, तर पांढऱ्या पेशीला ते विष दिसतच नाही. ते रक्तातच असतं, वाहत असतं, पण त्याची चावी झाकलेली असते. एलपीएस रक्तद्रवात मिसळलं की ते एचडीएलला जाऊन चिकटतं आणि त्याचा जोर ओसरतो, हे रिचर्ड युलेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीसच मांडलं होतं.

माझा प्रोजेक्ट याच्याच एका लहानशा कोपऱ्यात होता. शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये मोनोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, वाढवायचे, त्यांच्यावर एलपीएस टाकायचं, काही तासांनी वरचं द्रव काढून त्यात टीएनएफ किती सुटलं ते एलायझा नावाच्या रंगाच्या चाचणीने मोजायचं. एका ओळीत नुसतं एलपीएस, दुसरीत एलपीएस आणि शुद्ध केलेलं एचडीएल. एलायझाच्या शेवटी खळग्यांत निळा रंग येतो, आम्ल टाकलं की तो पिवळा होतो. जितकं टीएनएफ जास्त, तितका पिवळा गडद. एचडीएलची ओळ फिकी येणार याची मला खात्री होती.

पहिल्यांदा दोन्ही ओळी सारख्याच पिवळ्या आल्या. हळदीसारख्या, डोळ्यांना टोचणाऱ्या. मी पुन्हा केलं, तेच. तिसऱ्यांदा एचडीएल दुप्पट टाकलं, तरी जेमतेम फरक. प्लेट हातात घेऊन मी मॅडमच्या टेबलापाशी गेले आणि म्हटलं, बहुतेक माझं एचडीएलच खराब आहे. मॅडमनी प्लेट उजेडाकडे धरून बघितली आणि एकच विचारलं, "पेशींवर टाकायच्या आधी त्या दोघांना एकमेकांजवळ किती वेळ दिलास?"

मी वेळ दिलाच नव्हता. दोन्ही पाठोपाठ पेशींवर टाकले होते.

एलपीएसचे रेणू पाण्यात सुटे फिरत नाहीत, शेपट्या आत करून गठ्ठे करून बसतात. त्या गठ्ठ्यातून एकेक रेणू निघून एचडीएलमध्ये जाणं हे फार संथ काम आहे. नुसत्या शुद्ध एचडीएलला त्यासाठी तासन्‌तास लागतात. मोनोसाइटला मात्र काही मिनिटं पुरतात. माझ्या प्लेटमध्ये शर्यत सुरू व्हायच्या आधीच संपलेली होती.

मग मी एलपीएस आणि एचडीएल एकत्र करून रात्रभर ३७ अंशांवर ठेवलं. शेजारच्या नळीत नुसतं एलपीएसही तितकाच वेळ ठेवलं, नाहीतर रात्रभर ठेवल्यानेच ते निकामी झालं असं कोणीही म्हणालं असतं. दुसऱ्या दिवशी पेशींवर टाकलं. संध्याकाळी आम्ल टाकल्यावर वरची ओळ नेहमीसारखी हळदी झाली आणि खालची ओळ पाण्यात लिंबाचा थेंब पडावा इतकी फिकी राहिली. प्लेट रीडरमध्ये घालायच्या आधी मी ती कितीतरी वेळ नुसती बघत उभी होते. आकडे नंतर आले. पण तो फिकेपणा मला आजही जसाच्या तसा दिसतो.

शरीरात रात्रभर थांबायची सोय नाही. तिथे मदतनीस आहेत. एलबीपी नावाचं प्रथिन एलपीएसच्या गठ्ठ्यातून रेणू उचलतं आणि पुढे देतं. पण कोणाला देतं? इथे मला हा सगळा विषय विलक्षण वाटतो. तेच एलबीपी एलपीएसला पेशीवरच्या सीडी१४ या प्रथिनाकडे पोचवतं, तिथून ते टीएलआर४ ला मिळतं आणि दाह सुरू होतो. आणि तेच एलबीपी एलपीएसला एचडीएलमध्येही पोचवतं, तिथे ते झाकलं जातं. उचलणारा हात एक, ठेवायच्या जागा दोन. पीएलटीपी नावाचं, याच घराण्यातलं दुसरं प्रथिनही लायपोप्रोटीनच्या बाजूने भर टाकतं. म्हणजे थोडं एलपीएस आलं की पेशींना खबर लागते, ती लागायलाच हवी, नाहीतर जंतू मोकाट सुटतील. आणि खबर पोचल्यावर उरलेलं विष कणांमध्ये जिरवलं जातं. पेशीच्या पृष्ठभागावर आधीच बसलेलं एलपीएससुद्धा लायपोप्रोटीन परत ओढून घेतात, हे १९९९ मध्ये रिचर्ड किचन्स आणि रॉबर्ट मनफर्ड यांच्या कामातून दिसलं. मला ते वाचून फार दिलासा वाटला होता. शर्यत हरल्यावरही काहीतरी करता येतं.

माणसांवर याची चाचणी झाली आहे. १९९६ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी आठ निरोगी पुरुष स्वयंसेवकांना किलोमागे ४ नॅनोग्रॅम एंडोटॉक्सिन टोचलं. प्रत्येकाला दोनदा: एकदा प्रयोगशाळेत पुन्हा जुळवून बनवलेलं एचडीएल शिरेतून देऊन, एकदा त्याशिवाय. एचडीएल मिळालं त्या वेळी थंडी-ताप, मळमळ असा त्रास कमी झाला आणि रक्तातलं टीएनएफ, इंटरल्युकिन-६ ही खूप कमी चढलं. मात्र ते एचडीएल देणं एंडोटॉक्सिनच्या साडेतीन तास आधी सुरू केलं होतं. मॅडमचा प्रश्न मला इथेही ऐकू येतो.

आणि म्हणूनच अण्णांचा १२ हा आकडा. संसर्ग जोरात असतो तेव्हा एचडीएल कोसळतं, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. यकृत त्या वेळी दुसरीच प्रथिनं बनवण्यात गुंतलेलं असतं. रक्तवाहिन्या गळक्या होतात आणि कण बाहेर झिरपतात. शिवाय सीरम अमायलॉइड ए नावाचं प्रथिन एचडीएलवर चढून बसतं आणि तिथलं मूळ प्रथिन, अपोए-१, बाजूला सारतं. म्हणजे उरलेले कणही पहिल्यासारखे राहत नाहीत. गंभीर सेप्सिसमध्ये ज्यांचं एचडीएल फार खाली जातं त्यांची प्रकृती जास्त बिघडते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आता एचडीएल कमी झालं म्हणून आजार बळावतो, की आजार बळावला म्हणून एचडीएल कमी होतं, हे त्या एका आकड्यावरून कोणी सांगू शकत नाही. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मलाही ते सांगता येत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की हा आनंदाचा आकडा नाही.

त्याच रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड २३६ होतं. अण्णांचं नेहमी दीडशेच्या आत असायचं. दादा म्हणाला, "हे तेवढं वाढलंय." संसर्गात ते वाढतंच, यकृत व्हीएलडीएल जास्त सोडू लागतं. बराच काळ हे आजाराचं नुसतं एक लक्षण मानलं गेलं. केनेथ फाइनगोल्ड आणि कार्ल ग्रुनफेल्ड यांनी मात्र हा बचावाचा भाग असू शकतो असं मांडलं, कारण व्हीएलडीएल आणि कायलोमायक्रॉनही एलपीएस बांधून ठेवतात. १९९० च्या त्यांच्या प्रयोगात हे कण एलपीएसबरोबर मिसळून टोचले तेव्हा उंदीर मरणातून वाचले. आपण रिपोर्टवर ज्याच्यापुढे लाल बाण बघतो, ते शरीराने मुद्दाम पाठवलेलं असू शकतं, हा विचार मला त्या बाकावर बसून पहिल्यांदा खऱ्या अर्थाने भिडला.

मग रुग्णांना अशी चरबी देऊनच का बरं करत नाहीत? करून बघितलं आहे. एंडोटॉक्सिन बांधून ठेवणारं फॉस्फोलिपिडचं इमल्शन तेराशेहून अधिक रुग्णांवर वापरून बघितलं, त्याचा निकाल २००९ मध्ये आला. अठ्ठावीस दिवसांनी मृत्यूंच्या प्रमाणात फरक नव्हता. इतकी सुंदर कल्पना, आणि रुग्णाच्या खाटेपाशी तिचा उपयोग झाला नाही. तो पेपर वाचून मी खरोखर हिरमुसले होते. पण सेप्सिसचा रुग्ण रुग्णालयात पोचतो तेव्हा पेशींना खबर लागून कित्येक तास झालेले असतात. अण्णांचंच बघा. थंडी सकाळी भरली, आम्ही रात्री पोचलो. त्या वेळेपर्यंत पिवळा रंग चढून गेलेला असतो. अपयशाचं सगळं कारण हेच असेल असा दावा मी करणार नाही, पण मला ते सर्वांत पटतं.

"खराब" म्हणून हिणवल्या जाणाऱ्या एलडीएलची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची आहे. १९९६ मध्ये मिहाई नेटेआ आणि सहकाऱ्यांनी एलडीएल रिसेप्टर, म्हणजे रक्तातून एलडीएल उचलून घेणारं प्रथिन, नसलेले उंदीर घेतले. त्यांच्या रक्तात एलडीएल खच्चून भरलेलं असतं. एलपीएस टोचल्यावर ते साध्या उंदरांपेक्षा खूप चांगले तगले. म्हणजे एलडीएल वाढलेलं बरं? पण त्याच गटाने पुढच्याच वर्षी दाखवलं की कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग झाला तर तेच उंदीर जास्त लवकर बळी पडतात. आणि २०१४ मध्ये पीसीएसके९ या प्रथिनावरचं काम आलं. हे प्रथिन यकृतावरचे एलडीएल रिसेप्टर कमी करतं. ज्यांच्यात ते जन्मतः कमजोर असतं, त्यांच्या यकृतावर रिसेप्टर भरपूर आणि रक्तात एलडीएल कमी. तरी सेप्टिक शॉकमध्ये अशी माणसं जास्त वाचलेली दिसली, कारण त्यांचं यकृत एलडीएलबरोबर त्यावर बसलेलं विषही झपाट्याने उचलून घेतं. रिसेप्टर नसलेला उंदीरही तगतो आणि रिसेप्टर भरपूर असलेला माणूसही. मला हे परस्परविरोधी वाटत नाही. विष बांधून ठेवणं हे एक काम आणि बांधलेलं विष रक्तातून बाहेर काढणं हे दुसरं. रिपोर्टवरचा आकडा म्हणजे त्या क्षणी वाटेत किती गाड्या आहेत एवढंच. किती भरल्या आणि किती रिकाम्या झाल्या हे त्यात येत नाही.

हे वाचून कोणी आपली कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नका. हृदयाच्या धमन्यांत साठणारं एलडीएल हा खरा धोका आहे, त्याचा पुरावा भक्कम आहे, आणि अण्णाही डॉक्टरांच्या सांगण्यावरून आपली गोळी पुन्हा घेत आहेत.

मला अलीकडे सर्वांत आवडलेलं काम २०२१ चं आहे, ग्वेंडलिन रँडॉल्फ यांच्या गटाचं. आपल्या आतड्यात ग्रॅम-निगेटिव्ह जंतू कायमच असतात आणि त्यांचं थोडंफार एलपीएस आतड्यातून पोर्टल शिरेत झिरपतं. ती शीर थेट यकृतात जाते. मग यकृत रोज का पेटत नाही? त्यांना उंदरांमध्ये दिसलं की आतडं स्वतः लहान आकाराचं एचडीएल बनवतं, ते त्याच शिरेतून यकृताकडे जातं, आणि जाता जाता एलपीएसला असं झाकतं की यकृतातल्या कुप्फर पेशींना, म्हणजे तिथल्या पहारेकरी पेशींना, ते ओळखू येत नाही. आतड्यातलं हे एचडीएल बंद केलं की आतड्याला इजा झाल्यावर यकृताची हानी वाढते. म्हणजे माझ्या प्लेटमधली ती फिकी ओळ शरीरात रोज, विष निघतं त्याच दारापाशी, तयार होत असते. इथे एचडीएल उशिरा पोचत नाही, ते विषाच्या सोबतच निघतं.

अण्णा सोळाव्या दिवशी घरी आले. फार अशक्त झाले होते, जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबायचे. तीन महिन्यांनी नेहमीची रक्ततपासणी झाली. एकूण कोलेस्टेरॉल १५८, ट्रायग्लिसराइड १३१. दादाने फोन केला. आवाज जरा काळजीचा होता. "अगं, परत वाढलंय."

"एचडीएल किती?" मी विचारलं.

"एकेचाळीस."

मी लॅबमध्ये होते, हातात नुकत्याच भाजून थंड केलेल्या नळ्यांचा ट्रे होता. तो खाली ठेवला आणि दादाला सांगितलं, अण्णांना फोन दे.